आधी बबन, मग आपण

सकाळचे पावणेनऊ. मी फणसवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहात बिस्किट बुडवत होते आणि सविताचा फोन आला. सविता चिंचपोकळीच्या एका लहान कारखान्यात प्रेस मशीन चालवते. ती सहसा फोन करत नाही, केलाच तर भांडायला करते, म्हणून मीही कंबर कसूनच “बोल गं” म्हटलं. एरवी तिच्या फोनमधून आधी मशीनची धाडधाड ऐकू येते, मग ती. त्या दिवशी मशीन गप्प होतं... मग ती म्हणाली, “मॅडम, आज बबनला कोण घेणार?” मी “म्हणजे?” असं विचारलं खरं, पण विचारता विचारताच मला कळलं होतं. “काका गेले,” ती म्हणाली. “पहाटे. झोपेतच. आत्ता घरून फोन आला शेठना.” बिस्किट तोवर चहाच्या तळाशी गेलं होतं.

बबन कोण, हे आधी सांगायला हवं. बबन म्हणजे चिंध्या कोंबून भरलेला एक जुना रबरी हातमोजा, झाडूच्या दांड्याला सुतळीनं करकचून बांधलेला. आणि काका म्हणजे यशवंत तांबे. वय अडुसष्ट, मुक्काम डिलाईल रोड, उभा जन्म प्रेस मशीनच्या सोबतीत घालवलेले डाय सेटर, म्हणजे मशीनमध्ये साचा बसवून देणारे कारागीर. मला माझं काम त्यांनी शिकवलं. मी इंजिनिअर, ते दहावी नापास, आणि हे मी विनयानं लिहीत नाहीये. माझ्या अंगात विनय बेताचाच आहे, हे मला ओळखणारे सांगतील. जे घडलं तेच लिहितेय.

माझं काम असं, की कॅमेऱ्यात आलेल्या चित्रात काय आहे हे कॉम्प्युटरला समजलं पाहिजे. माणूस आहे की भिंत, हात आहे की पत्रा. चार वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रमैत्रिणींनी लोअर परळला एक खोलीवजा ऑफिस घेतलं आणि प्रेस मशीनवर बसवायचा कॅमेरा तयार केला. प्रेस म्हणजे वरून येणारा लोखंडी घण. खाली साच्यात पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायानं पायडल दाबायचं, घण खाली येतो, डब्याचं झाकण तयार. तुकडा ठेवणारा हात वेळेत बाहेर निघाला नाही, तर झाकणाबरोबर आणखीही काहीतरी कापलं जातं. आमचा कॅमेरा वरून साच्यावर नजर ठेवणार होता. हात दिसला की लाल दिवा आणि पायडल बंद. हात नसला की हिरवा दिवा आणि पायडल मोकळं. चिंचपोकळीच्या शेठना ही कल्पना भारी आवडली. त्यांच्या मशीनला समोर लोखंडी जाळी होती, तिच्या फटीतून चिमट्यानं तुकडा सरकवावा लागे आणि काम रेंगाळे. कॅमेरा लागला की जाळी काढायची आणि बायकांनी सरळ हातानं तुकडे ठेवायचे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांसमोर कॅमेरा दाखवला. माझा हात घातला, लाल. काढला, हिरवा. आमच्या तिघांतल्या निखिलचा हात, लाल. टाळ्या पडल्या. कोपऱ्यात स्टुलावर बसलेला एक किडकिडीत म्हातारा तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. तेच काका. त्यांनी विचारलं, “मॅडम, हा हात ओळखतो?”

“हो.”

“कुणाचा?”

“कुणाचाही,” मी म्हटलं. काय तो तोरा होता माझा!

ते उठले. आधी मेन स्विच पाडला, तो पडलाय हे दोनदा बघितलं, कॅमेऱ्याची वेगळी वायर तेवढी चालू ठेवली आणि मग आपला डावा हात साच्यावर धरला. तेलानं काळा झालेला, मधलं आणि करंगळीशेजारचं बोट मुळापासून नसलेला हात. दिवा हिरवाच राहिला. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला, उरलेली बोटं हलवून दाखवली. दिवा हिरवाच... मी घाईघाईनं समजावू लागले, की आम्ही कॉम्प्युटरला हजारो हातांचे फोटो दाखवून शिकवलंय, पण त्यात अशा प्रकारचे हात नव्हते, हा जरा वेगळा प्रकार आहे. “वेगळा?” काका म्हणाले. “अहो, ह्या लाइनीत हाच हात कॉमन हाय. तुमचाच वेगळा. आणि ज्याची दोन गेली, त्याची उरलेली तीन वाचवायला नकोत काय?”

मी चिडले होते. राग त्यांचा नव्हता, पण तो काढला त्यांच्यावर. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा आमचं उत्तर बरोबर येतं, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, “ही सविता जेवणाच्या सुट्टीपर्यंत शंभराच्या वर कितीतरी पायडल मारते. म्हणजे दुपारच्या डब्याआधी एकदा चुकणार तुमचा कॅमेरा. कुणाचा हात घालायचा त्या वेळेला?” माझ्या कॉलेजात मोठमोठ्या प्राध्यापकांनी मला अवघड प्रश्न विचारले होते, पण एवढा सोपा प्रश्न कुणी विचारला नव्हता. परत जाताना मी निखिलला म्हटलं, म्हातारा खडूस आहे. दोन दिवसांनी मीच त्यांना फोन केला आणि विचारलं, मला असे हात कुठं मिळतील.

“रविवारी ये,” ते म्हणाले. ‘अहो मॅडम’वरून एका फोनमध्ये ‘ये’वर आले ते कायमचे.

तो रविवार मी विसरणार नाही. डिलाईल रोडच्या चाळीत, त्यांच्या खोलीबाहेरच्या कॉमन गॅलरीत आम्ही टेबल मांडलं, वर कॅमेरा टांगला आणि काकांनी अख्खा मजला गोळा केला. गिरणीतून, प्रेसमधून, छापखान्यातून निवृत्त झालेली माणसं आपापले हात घेऊन रांगेत उभी राहिली. कुणाचं पेर गेलेलं, कुणाची नखं काळी, कुणाच्या बोटाला बँडेज. नुकतं लग्न ठरलेली एक मुलगी कोपरापर्यंत मेंदी घेऊन आली, तिच्या मागोमाग हिरव्या बांगड्यांचे हात, पिठाचे हात, कोळंबी सोलता सोलता तशीच उठून आलेल्या एका मावशींचे हात. एका गृहस्थांना सहा बोटं होती. ती बघून काका म्हणाले, “बघा, माझं एक ह्याच्याकडं निघालं! दुसरं कुणी ढापलं तेवढं शोधायचं राहिलं.” सगळी गॅलरी हसली. काकी, त्यांच्या पत्नी, आतून चहाचे ग्लास पाठवत होत्या. संध्याकाळी मी निघाले तेव्हा माझ्याकडे आमच्या एसी ऑफिसात दहा वर्षं बसून मिळाले नसते एवढे हात होते. पुढचे तीन महिने आम्ही कॉम्प्युटरला ते शिकवत बसलो, आणि हळूहळू काकांचा डावा हात दिसला की दिवा लाल होऊ लागला. पहिल्यांदा झाला तेव्हा ते दिव्याकडे बघून म्हणाले, “आली वाटतं ओळख.”

बबन त्याच दिवसांत जन्माला आला. मी कॅमेरा तपासायला सवयीनं स्वतःचा हात साच्यावर नेत असे. एकदा मेन स्विच पाडायला विसरले आणि काकांनी माझं मनगट असं काही धरलं, की चार दिवस वळ राहिला. “भरवसा बसला तरी हात घालायचा नसतो,” ते म्हणाले. “भरवसा बसला की तर नाहीच नाही.” दुसऱ्या दिवशी तो हातमोजा तयार होता. रोज सकाळी नऊच्या आधी, कुणीही मशीनवर बसायच्या आत, काका दांड्यानं तो साच्यात सरकवायचे. लाल दिवा लागायचा, ते पायडल दाबून बघायचे, पायडल हलायचं नाही. मोजा बाहेर, दिवा हिरवा. मग ते सविताला म्हणायचे, “आधी बबन, मग आपण. चला.” नाव बबन का, असं मी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. कधी शाळेतला मास्तर, कधी उधळा मेव्हणा. मी विचारणं सोडून दिलं.

आणि मग खंडेनवमी आली.

आमचा कॅमेरा पास झाला होता. दसऱ्याची सुट्टी संपली की जाळी निघणार आणि सविता पहिल्यांदा हातानं तुकडे ठेवणार, असं ठरलं होतं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मशिनी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. मी पेढे घेऊन गेले होते. काकांच्या घरात पूजाअर्चा नव्हती, ते आपले बुद्धाला मानणारे, पण दुसऱ्याच्या श्रद्धेत त्यांनी कधी नाक खुपसलं नाही. बाहेर खुर्ची टाकून ते पेढा खात बसले होते. सवितानं प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावलं आणि कॅमेऱ्यापाशी येऊन ताट माझ्या हातात दिलं. “ह्याला तुम्हीच लावा. तुमचं लेकरू आहे.” मला अगदी भरून आलं. कॅमेऱ्याच्या डबीवर, काचेच्या जरा वर, जिथं कपाळ असावं असं वाटतं तिथं, मी ओल्या बोटानं ठसठशीत कुंकू लावलं आणि डोळे मिटून हात जोडले. एवढं शिक्षण झालेली बाई, आणि तिला आपण काय करतोय हे कळू नये! ते ओलं कुंकू ओघळून खालच्या काचेवर उतरलं आणि दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत वाळून घट्ट बसलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पावणेनऊला पोचले. जाळी काढून भिंतीला टेकवलेली, सविता केस बांधून तयार, शेठ हौसेनं फोटो काढायला उभे. काकांनी बबनला आत सरकवलं. दिवा हिरवा. त्यांनी सगळ्यांना मागं सारलं, दांडा लांबून धरला आणि पायडल दाबलं. घण खाली आला. बबनची दोन बोटं कापडाच्या घडीसारखी सपाट झाली... मी सविताकडे बघितलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

काचेवरचा लाल थर सापडायला वेळ लागला नाही. शेठ भडकले. “कॅमेऱ्याला कुंकू लावायची अक्कल कुणाची?” असं ओरडत ते सवितावरच गेले, कारण पूजा तिनं केली होती. सविता मान खाली घालून उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी... मीही बोलले नाही. दोन श्वास गेले असतील, पण ते दोन श्वास मला अजून आठवतात, आणि त्यांची मला लाज वाटते. तेवढ्यात काका म्हणाले, “शेठ, कुंकू कुणी लावलं ते सोडा. दर वर्षी कुणीतरी लावणारच. उद्या काचेवर तेल उडेल, परवा कोळी जाळं करील. दिवा हिरवा का राहिला, ते विचारा.” “मी लावलं,” मी म्हटलं. “कुंकू मी लावलं. आणि दिवा हिरवा राहिला तोही माझ्यामुळेच.” काकांनी नुसती मान हलवली, मी वेळेवर कामावर आल्यावर हलवायचे तशी.

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या सगळ्या शिक्षणात नसलेली गोष्ट सांगितली. “हे बघ पोरी. हात नाही, आणि हात दिसत नाही, ह्यात फरक आहे का नाही? तुझ्या कॅमेऱ्याला तो कळत नाही. त्याला दिसलं नाही, की तो सरळ ‘नाही’ म्हणून मोकळा. आमच्यात नवा सेटर असा वागला, तर त्याला मशीनला हात लावू देत नाहीत. ज्याला ‘मला कळलं नाही’ म्हणता येतं, त्यालाच मशीन देतात.” मग दिव्यांकडे बोट करून ते म्हणाले, “तुझ्याकडं दिवे दोनच आहेत. ‘मला दिसत नाही’ म्हणायला तिसरा कुठं आहे?”

तिसरा दिवा लावायला आम्हाला पाच महिने लागले. साच्याच्या बाजूला मशीनच्या पाटावर, म्हणजे साचा बसतो त्या सपाट लोखंडी भागावर, आम्ही बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन रंगवले. पायडल मोकळं करण्याआधी कॅमेऱ्यानं दर वेळी ते चौकोन शोधायचे. सगळे स्वच्छ दिसले, तरच तो हाताबद्दल बोलणार. एखादा जरी दिसला नाही, की पिवळा दिवा, आणि पायडल बंद. दिसत नाही, पुसा, बघा, मग बोलू. त्या पाच महिन्यांत जाळी जागेवर होती आणि सविता चिमट्यानं काम करत होती. शेठ कुरकुरले, पण काकांनी जाळीचे बोल्ट असे आवळले होते की ते दुसऱ्या कुणाला सुटेनात. आम्ही काचेवर तेल फासलं, पीठ उडवलं, ओला रुमाल टाकला. काका तर मुद्दाम झेंडूची माळ घेऊन यायचे. दर वेळी पिवळा. एके दिवशी ते म्हणाले, “आता काढा जाळी.” मला आजवर मिळालेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांत ते एक मी जपून ठेवलंय, आणि ते कागदावर नाही.

आज आमचा कॅमेरा बऱ्याच ठिकाणी आहे आणि चांगला चालतो, हे मी ठामपणे सांगते. यात काही जादू नाही. नवी जागा आली की आम्ही आधी तिथले हात गोळा करतो. कॅमेरा चुकला तर कुणाचं चुकलं हे न विचारता दिवा तसा का राहिला हे विचारतो. मोठ्या सभांमध्ये मी हे सांगते तेव्हा लोक वह्यांत उतरवून घेतात. काकांना हे सांगितलं की ते म्हणत, “सांग सांग. पण बबनला घेऊन जा सोबत, नाहीतर हवेत बोलशील.” पिवळा दिवा आल्यावर बबनची तशी गरज उरली नव्हती. मी त्यांना एकदा म्हटलंही, की काका, आता मशीन स्वतःच स्वतःला तपासतं. ते म्हणाले, “आणि त्याला कोण तपासतं?” मी हसले. ते हसले नाहीत.

ते गेले त्या दिवशी मी डिलाईल रोडला पोचले. जुनी चाळ पाडून आता तिथं उंच इमारत झालीय, काकांना चौदाव्या मजल्यावर घर मिळालं होतं. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या आणि पांढऱ्या चादरीवर काका निजले होते. डावा हात उजव्यावर ठेवलेला होता. काकी शांत होत्या. पण काकांच्या उशाशी एक खूप म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, त्यांची थोरली बहीण, लालबागहून आलेल्या. त्या त्यांच्या कपाळावरून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “बबन... उठ रे माझ्या बबन...” मी काकींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “घरात लहानपणापासून बबनच म्हणायचे ह्यांना.” म्हणजे तीन वर्षं रोज सकाळी तो माणूस सगळ्यांच्या आधी घणाखाली स्वतःला ठेवत होता आणि मला मास्तरांच्या आणि मेव्हण्याच्या थापा मारत होता. मी तिथं सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. आवरायचा प्रयत्नही केला नाही.

दोन दिवस कारखाना बंद राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. सविताच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं ना. जाताना काकांचा एक फोटो मढवून नेला, पांढऱ्या फुलांचा हार, दोन मेणबत्त्या. बायका गोळा झाल्या, शेठही आले. काकांची जागा म्हणजे त्यांचं मशीन, म्हणून मी फोटो मशीनच्या पाटावरच ठेवला, हार घातला, मेणबत्त्या लावल्या. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग शेठ हळूच म्हणाले, “चला, सुरू करू. काकांना काम थांबलेलं आवडत नसे.” मी भिंतीवरच्या खिळ्यावरून बबनला काढलं. त्याची दोन सपाट बोटं काकांनी पुन्हा कधी भरली नव्हती, तशीच ठेवली होती. डाव्या हाताच्या मोज्याची, मधलं आणि करंगळीशेजारचं. इतके दिवस हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सवितानं स्विच टाकला. दिवा पिवळा.

मी काच पुसली. पिवळा. वायर बघितली. पिवळाच. शेठ म्हणाले, “आजच नेमका बिघडला?” मी लॅपटॉप काढायला वाकले, तेव्हा सविता पाटाकडे बघत होती. “मॅडम,” ती म्हणाली, “बिघडला नाही तो. तुम्ही फोटो कुठं ठेवलाय बघा.” मी बघितलं. काकांच्या फोटोखाली काळेपांढरे चौकोन झाकले गेले होते... पुन्हा मीच, पुन्हा माझेच भक्तीनं भरलेले हात. फरक एवढाच होता, की या वेळी दिव्यानं ‘दिसत नाही’ म्हणून सांगितलं होतं.

आम्ही फोटो भिंतीवर लावला, स्टुलाच्या वर. मेणबत्त्या बाहेर नेल्या. सवितानं फडक्यानं पाट पुसला. मी दांडा लांबून धरला आणि बबनला आत सरकवलं. लाल. पायडल दाबलं, हललं नाही. बबन बाहेर, हिरवा. सविता मशीनवर बसली, पण हात मांडीवरच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ती कशाची वाट बघतेय हे मला जरा उशिरा कळलं.

“आधी बबन, मग आपण,” मी म्हटलं. “चला.”

तिनं पहिला तुकडा साच्यात ठेवला.